चश्मा लावून लेझर समजावणारी बाई

डोळ्यांच्या दवाखान्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. माणसानं चश्मा काढला की त्याला समोरचा दिसेनासा होतो, आणि मग आपणही समोरच्याला दिसत नसू असं त्याला वाटायला लागतं. तो मोकळा होतो. सासू, साहेब, शेजारी, सगळं बाहेर येतं! सदर भागातल्या आमच्या दवाखान्यात मी कित्येक वर्षं हे ऐकत आले आहे, आणि घरी जाऊन कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

आम्ही चौघं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर, त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात. मशीन चालवणारा प्रफुल्ल. ऑपरेशनच्या खोलीत पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकणाऱ्या आणि हात धरून बसणाऱ्या मंदाताई. आणि मी संध्या. लेझरनं चश्मा घालवायचा विचार करणाऱ्यांना मी आधी सगळं समजावून सांगते. काय होतं, काय होत नाही, कोणाला जमतं, कोणाला नाही. टेबलाच्या पलीकडे ते, अलीकडे मी, आणि माझ्या नाकावर उणे नऊचा चश्मा!

त्यामुळे सगळ्यात जुना किस्सा माझाच आहे.

एका मुलीला तिचे वडील घेऊन आले होते. मी अर्धा तास मनापासून समजावलं. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सगळं बरोबर आहे मॅडम. पण तुम्ही स्वतः काहून नाही केलं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. लेझर डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, थोडं घासून नवा आकार देतो. माझा पडदा मुळातच पातळ, घासायला काही उरत नाही. डोळ्याच्या आत लेन्स बसवावी तर तिथे जागा अरुंद.

काकांनी मान डोलावली, मुलीला उठवलं आणि दाराशी जाऊन तिला म्हणाले, "चाल वं. जो हलवाई सोताची जिलबी खात नाही, त्याच्या दुकानात आपण कायले बसावं?"

महिन्याभरानं परत आले. शहरातली बाकीची दुकानं पाहून आले होते. म्हणाले, "तिकडंही सगळे चश्मेवालेच आहेत!"

हसण्यावारी नेते मी, पण खरं सांगायचं तर मी या दवाखान्यात पहिल्यांदा आले ती पेशंट म्हणून. आमच्या कुही गावाहून एसटीनं यायचे तेव्हापासून एकच हौस होती, की सकाळी डोळे उघडावेत आणि वरचा पंखा पंख्यासारखा दिसावा. बस, एवढीच. मॅडमनी तपासलं, नाही म्हणाल्या, मी रडले, आणि त्यांनीच मला विचारलं, काम करशील का इथे? नवीन मशीन आलं की आजही पहिल्यांदा मला त्यावर बसवतात. प्रफुल्ल दर वेळी म्हणतो, "ताई, यावेळी जमते बहुतेक." मग मॅडम स्क्रीनवरचे रंग बघतात आणि हळूच म्हणतात, "नाही गं संध्या."

माझी लेक पूर्वा. तिला चौथ्या वर्षीच चश्मा लागला, नंबर माझ्याच वाटेनं वाढत गेला. हे वय तपासायचं नाही, नंबर थांबू दे, असं मॅडम सांगत राहिल्या आणि आम्ही थांबत राहिलो. तिचा पडदा कोणावर गेला असेल, हा एकच प्रश्न घेऊन मी इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली जाताना बघत होते.

*

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीच्या आधी काही दिवस लेन्स बंद ठेवायच्या असतात. लेन्सनं पडद्याचा आकार दबलेला असतो, माप चुकतं. हे मी फोनवर सांगते, मेसेज करते, पुन्हा फोन करते.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला, उंचापुरा, कडक इस्त्रीचा शर्ट. मी विचारलं, "लेन्स बंद केल्या होत्या नं?"

"हाव मॅडम, कधीच्याच बंद केल्या. घरात चश्म्यावरच राहतो."

प्रफुल्लनं त्याला मशीनवर बसवलं आणि दोन मिनिटांत ओरडला, "अरे भाऊ, तुह्या डोळ्यात लेन्स आहे नं!"

मुलगा एकदम गांगरला. "आज लावल्या फक्त. डॉक्टरकडे यायचं म्हणून! मोठ्या दवाखान्यात चश्मा लावून येणं बरं नाही दिसत!"

*

दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची असते. घरी शिलाई मशीन, गाडी, मिक्सर. मग दवाखान्यातल्या एवढ्या मोठ्या मशीनची का नको, असं मंदाताईंचं म्हणणं. त्या ताम्हण, फुलं, हळद-कुंकू, कापूर सगळं घेऊन लेझरच्या खोलीशी हजर!

प्रफुल्ल दारात आडवा झाला. त्या खोलीत धूर चालत नाही, वास चालत नाही. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटनं अत्तर लावलं तर आम्ही त्याला घरी परत पाठवतो. "ताई, तुमच्या कापरानं मशीन बसून जाईन. कंपनीचा इंजिनिअर काय सांगेन त्याच्या साहेबाले? देवानं बिघडवलं म्हणून?"

भांडण मॅडमपर्यंत गेलं. मॅडमनी तोडगा काढला. प्रफुल्लनं मोबाईलवर मशीनचा फोटो काढला, रिसेप्शनच्या टेबलावर मोबाईल उभा केला, आणि मंदाताईंनी फोटोला कुंकू लावलं. स्क्रीनला लागू नये म्हणून कव्हरला लावलं. आरती झाली. मध्येच प्रफुल्लच्या सासऱ्यांचा फोन आला, तो त्यानं पूजा संपेपर्यंत वाजू दिला. बिचाऱ्या सासऱ्यांनाही ओवाळून झालं.

शेवटी मंदाताई हात जोडून मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, सगळ्याइचे डोळे चांगले ठेव. आन् आमच्या संध्याचा पडदा वाढू दे."

मी पेढ्याच्या डब्यात बघत राहिले.

मग प्रफुल्ल म्हणाला, "ताई, हे मशीन घासते हो. वाढवत नाही."

*

प्रफुल्ल खापरखेड्याचा, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला. त्याच्या ओळखीनं तिथली मंडळी आमच्याकडे बरीच येतात. त्यातले एक काका, म्हणजे तसे चाळिशीच्या आतलेच, पण चेहऱ्यावरून सगळे काका म्हणत, ते कंट्रोल रूममध्ये कामाला होते. समोरच्या पॅनलवरचा कोणता दिवा लागला, कोणता विझला, वीजसंच 'ट्रिप' होऊन बंद पडला का, ते बघायचं आणि लगेच मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं रोजचं काम.

ऑपरेशनमध्ये पेशंटनं एका हिरव्या दिव्याकडे नुसतं बघत राहायचं असतं. बोलायचं नाही, हलायचं नाही. मध्ये काही क्षण डोळ्यावर दाब येतो, सगळं काळं होतं, मग परत दिसायला लागतं. दुखत नाही, पण त्या क्षणी माणूस घाबरतो, म्हणून मी हे प्रत्येकाला दोनदा सांगते. काकांना तीनदा सांगितलं.

मॅडमनी सुरुवात केली. काका म्हणाले, "हिरवा लाइट चालू आहे."

"बोलू नका."

"ओके. लाइट फेंट होऊन राहिला."

"काका, शांत राहा."

दाब आला, अंधार झाला, आणि काका टेबलावरून गरजले, "ट्रिप झालं! कोणी काही हात लावू नका!"

मॅडमचा हात पक्का म्हणून बरं. प्रफुल्लनं मशीनमागून त्यांच्याच भाषेत, तितक्याच गंभीरपणे रिपोर्ट दिला, "स्टँडबाय घेतला आहे. लोड येऊन राहिला."

"ओके," काका म्हणाले, आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

*

ऑपरेशननंतर काय काय होऊ शकतं, तेही मी सांगते. डोळे कोरडे पडतात, काही महिने थेंब टाकावे लागतात. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, ती बहुतेकांची हळूहळू कमी होतात. चाळिशीनंतर वाचायला चश्मा लागणारच, तो लेझरनं टळत नाही. एवढं सगळं सांगूनही एक गोष्ट माझ्या यादीत नव्हती. ती मला एका बँकवाल्या भाऊंनी शिकवली.

पुढच्या तपासणीला आले ते तोंड पाडून. मी चार्ट दाखवला, त्यांनी धडाधड शेवटची ओळ वाचली. थेंब? वेळेवर. दुखतं? नाही. वलयं? नाही.

"मग भाऊ, चेहरा असा काहून?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर बायको बसली होती. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पहिले बायको चिडली का मी चश्मा काढून पुसत बसत होतो. आवाज येत होता, पण चेहरा दिसत नव्हता. अर्ध्या भांडणात काम भागत होतं. आता पूर्ण लागते!"

*

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट येतात, मी त्यांच्या डोळ्यांवरच्या पारदर्शक वाट्या काढते, आणि विचारते, "पहिलं काय दिसलं?" हे विचारा असं मला कोणी सांगितलेलं नाही. माझं मीच सुरू केलं.

एक शाळेतल्या बाई म्हणाल्या, "घड्याळ. झोपल्या झोपल्या! मग मी परत झोपली, कारण लई टाइम होता."

एक पोहणारा मुलगा म्हणाला, "आंघोळ करताना सोताचे पाय. मले वाटे माझे पाय गोरे आहेत."

एका सुनेनं सांगितलं, "कोपऱ्यातले जाळे. सासूबाईले म्हटलं, माझा चश्माच बरा होता."

आणि कुहीकडचा धानाची शेती करणारा एक तरुण तर नुसता हसत बसला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, येताना धानाच्या बांधीत पाणी होतं नं, धुकं होतं. रोज चश्म्यावर धुकं बसते. आज धुक्यातलं धुकं दिसलं." एवढं बोलून त्यानं डोळे पुसायला हात नेला आणि मंदाताईंनी चापटी मारून खाली केला. डोळे चोळायचे नसतात!

हे सगळं मी घरी जाऊन पूर्वाला सांगायची. लहानपणी तिला राजा-राणीच्या गोष्टी नको असत. चादरीत शिरून, चश्मा उशाशी ठेवून म्हणायची, "आज कोणाले काय दिसलं, सांग नं वं आई." मी सांगायची. ती विचारायची, "आन् त्याच्यानंतर काय दिसलं?" कोणाचं काय बघायचं राहून गेलंय, आणि ते मिळाल्यावर कसं वाटतं, हे आम्ही दोघी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकूनच शिकलो.

*

शेवटी नंबर थांबला आणि मॅडमनी पूर्वाला तपासायला बोलावलं.

मी शेकडो आयांना सांगितलं असेल, की काळजी करू नका, नुसतं माप आहे. त्या दिवशी मी स्वतः स्क्रीनकडे पाठ करून, भिंतीवरचं डोळ्याचं चित्र वाचत उभी होते. ते चित्र मला पाठ आहे. आमचे हे ऑफिसातून अर्धी रजा टाकून आले होते. यांना आयुष्यात चश्मा नाही, आता कुठे पेपर लांब धरायला लागलेत.

प्रफुल्लनं पूर्वाला मशीनवर बसवलं. एक डोळा झाला. दुसरा झाला. मॅडम आल्या. मला ऐकू येत होतं फक्त मशीनचं गुणगुणणं.

आणि प्रफुल्ल ओरडला, "बापावर गेली गा! ताई, पोरगी बापावर गेली!"

आमचे हे एवढे फुगले की काय सांगू! आजवर पूर्वाच्या अंगात जे चांगलं ते माझ्याकडचं आणि अव्यवस्थितपणा त्यांचा, असा घरचा कायदा होता. घरी जाईपर्यंत गाडी चालवत तीनदा म्हणाले, "कॉर्निया आमच्याकडचा आहे."

मला आनंद झाला. खूप झाला. आणि त्याच्या खाली कुठेतरी बारीक दुखलंही, ते लपवत नाही. घरात चश्म्यावाचून आंधळ्या अशा आम्ही दोघी होतो. सकाळी शेल्फवर चाचपडताना माझ्या हातात तिचा चश्मा यायचा आणि तिच्या हातात माझा, आणि आम्ही एकमेकींना शिव्या घालायचो. आता मी एकटीच चाचपडणार होते.

*

मॅडमचा नियम कडक. आपला माणूस असला तरी पूर्ण समजावून सांगितल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत. "संध्या, तुझ्याच खोलीत बसव तिला. आई म्हणून नाही."

बसवलं. टेबलाच्या पलीकडे पूर्वा, पाय हलवत. मी सुरू केलं. नंबर पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही, थोडा उरू शकतो. मोठा नंबर आहे, त्यामुळे डोळे जास्त कोरडे पडू शकतात. पुढेही पडदा दरवर्षी तपासून घ्यायचा. तिला हे सगळं माझ्याहून जास्त पाठ, पण ऐकत होती.

"काही विचारायचं आहे?"

"हाव मॅडम," ती गंभीर चेहरा करून म्हणाली. "तुम्ही स्वतः काहून नाही केलं?"

मी हसले आणि नेहमीची वाक्यं म्हणायला लागले. पडदा मुळातच पातळ, इथपर्यंत आले आणि पुढे जमेना. ती उठून टेबलाच्या अलीकडे आली. खोलीच्या काचेतून प्रफुल्लनं पाहिलं आणि बाहेर बसलेल्या पेशंटना जाहीर केलं, "थोडा वेळ लागीन. आतमधी कौन्सेलर मॅडमची कौन्सेलिंग चालू आहे!"

*

आता शेवटचा.

उणे नऊच्या माणसाला चश्म्याशिवाय सगळं धुकं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. पण एक गोष्ट फक्त आम्हालाच माहीत असते. आमच्या नाकासमोर जेमतेम अर्ध्या वितीवर एक जागा असते, तिथे आम्हाला चश्म्याशिवाय लख्ख दिसतं. धडधाकट डोळ्यांच्या माणसापेक्षाही बारीक. पूर्वा तान्ही होती तेव्हा तिला पाजताना मी चश्मा काढून ठेवायची आणि तिच्या पापण्यांचे केस बघायची. पुढे तिलाही नंबर लागला, मग तो आमचा खेळच झाला. दोघींनी चश्मे काढायचे, नाकाला नाक लागेल इतकं जवळ यायचं आणि बघत राहायचं. बाकी घर, दार, पंखा, सगळं नाहीसं. आमच्या यांनी एकदा मधे डोकं घातलं तर त्यांना एवढ्या जवळचं काही दिसेचना! वैतागून निघून गेले.

ऑपरेशनच्या दिवशी मंदाताईंनी तिला हिरवी टोपी घातली, चश्मा काढून माझ्या हातात दिला. आत जायच्या आधी पूर्वानं मला खूण केली. मीही चश्मा काढला. दारातच आम्ही दोघी नाकाला नाक लावून उभ्या राहिलो. मागून मॅडम काहीतरी म्हणत होत्या, मंदाताईंनी त्यांना गप्प केलं. खुद्द मॅडमना!

ऑपरेशन नीट झालं. रात्रभर ती वाट्या लावून झोपली. डोळे उघडायचे नाहीत, सकाळी दवाखान्यातच बघायचं, असं तिनंच ठरवलं होतं. बापाच्या हाताला धरून, डोळे मिटून, जिने चढून आली.

मी वाट्या काढल्या. थेंब टाकले. मॅडमनी तपासलं, म्हणाल्या, छान आहे. चार्ट लावला. पूर्वानं वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटची ओळ वाचली, आणि खाली छापणाऱ्याचं नाव होतं तेही वाचलं. प्रफुल्लनं शिट्टी मारली. आमचे हे रुमाल शोधायला लागले.

मी चार्टजवळ भिंतीला टेकून उभी होते, ती पलीकडे खुर्चीत. माझा नेहमीचा प्रश्न, पहिलं काय दिसलं, अजून विचारायचा होता. तीच माझ्याकडे बघत बसली होती. उघड्या डोळ्यांनी, एवढ्या लांबून.

मग म्हणाली, "आई, चश्मा काढ."

"आत्ता? इथं?"

"काढ नं वं."

मी काढला. भिंत गेली, माणसं गेली, खुर्चीच्या जागी एक निळा डाग राहिला.

"मी दिसून राहिली का तुले?"

"नाही."

"मले तू दिसून राहिली. इथूनच. पूर्ण."

मी भिंतीला धरून एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "तिथंच थांब. तुले दिसेन तिथवर मीच येते."